ओठ लावून पाणी

गाजराला डोळे काढणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. टोमॅटोला हसरं तोंड, केळ्याला हातपाय, दुधाचा पेला डोक्यावर टोपी घालून नाचतोय, आणि सगळे मिळून एका गुबगुबीत पोराला सांगतायत, आम्हाला खा. अरे, जो आपल्याशी हसून बोलतो त्याला खायचं कसं? मी जन्मभर तंजावरच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी आरोग्य सप्ताह आला की असली गाजरं माझ्याकडूनच काढून घेतली जायची. मुख्याध्यापिका म्हणायच्या, "डोळे काढा हो, मुलांना आवडतात." मी काढायची आणि मनातल्या मनात चरफडायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची.

कसली सुटते! माझ्या भावाची नात आजारी पडली आणि तीच गाजरं पिशव्या भरभरून घरात आली.

घर आमचं लहान. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे वहिनीबरोबरच राहते. वहिनीचा मुलगा कुंभकोणमला नोकरीला जातो, सून मूळची पापनाशमची, आपल्याच तंजावरी मराठी लोकांतली. आणि त्यांची ही एकुलती एक मुलगी. मला ती चित्रआजी म्हणायची. तिला मराठी सगळी समजायची, पण उत्तर तमिळमध्ये यायचं. आमच्याकडे सगळ्याच मुलांचं तसं आहे, आणि आमची मराठी ऐकून पुण्याचे नातलग हसू दाबतात ते वेगळंच. इथं मी तिचं बोलणं मराठीतच लिहिते. तमिळ लिहिलं तर तुम्हाला कळणार नाही, आणि तिच्या वाक्यांना खाली अर्थ जोडत बसायचा मला कंटाळा आहे.

ती दुसरीत असताना तिचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या जन्मापासूनच नाजूक होत्या म्हणे, आणि आता त्यांनी काम सोडलं होतं. एक दिवसाआड तिला दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी आणायचं, असं सुरू झालं. ज्याला त्याला वाटलं, लहान मूल आजारी आहे म्हणजे चित्रांचं पुस्तक न्यावं. शाळेनं दिली, दवाखान्यानं दिली, शेजारणीनं इंग्लिश आणली, पुण्याहून टपालानं मराठी आली. भाषा वेगवेगळ्या, पण आतलं गाजर एकच. केळं खा, संत्रं खा, कीरै म्हणजे पालेभाजी खा, शहाळं प्या. आणि शेवटच्या पानावर हमखास निळ्या पेल्यांची रांग: पाणी भरपूर प्या!

तिला ह्यातलं काहीएक चालत नव्हतं. किडनी चालत नसली की केळ्यातलं, शहाळ्यातलं सत्त्व अंगात साठतं आणि हृदयावर येतं, असं डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. ज्या मुलखात पाहुणा आला की आधी शहाळं फोडतात, तिथं तिच्यासाठी शहाळं विष झालं. बटाटा, भाज्या चिरून खूप पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी मोरीत ओतून द्यायचं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ते बघायची. एकदा म्हणाली, "बटाट्याला एवढं पाणी देता, मला का नाही?" सुनेनं पातेलं तसंच खाली ठेवलं आणि मागच्या दारी निघून गेली.

कारण खरं पथ्य पाण्याचंच होतं. लघवी जवळजवळ थांबलेली. प्यालेलं पाणी अंगातच राहणार, आधी पायात, मग फुप्फुसात. नर्सबाईंनी एका प्लास्टिकच्या बाटलीवर पेनानं रेघ मारून दिली: दिवसभराचं एवढंच. त्यातच सकाळचं दूध, त्यातच रसम, त्यातच ताक. डॉक्टर म्हणाले, आईची किडनी मुलीला जुळते आहे. आईही तयार आहे. आता पोरीचा रक्तदाब, सूज, वजन काही काळ ताब्यात राहू दे, मग ऑपरेशनची तारीख देतो. पाणी जास्त झालं तर तारीख नाही. हे आम्ही तिच्यापासून लपवलं नाही. आम्ही सगळ्यांनीच, आईनं, बापानं, आजीनं, मी, तिला तेच ते सांगितलं, की बाळ, पाणी जास्त प्यालीस तर ऑपरेशन होणार नाही. दुसरं काय सांगणार होतो आम्ही?

एका दुपारी बघते तर तिनं सगळी पुस्तकं जमिनीवर मांडलेली आणि लाल खडू घेऊन पानापानावर फुल्या मारणं चाललेलं. केळ्यावर फुली, संत्र्यावर फुली, शहाळ्यावर तर खडू मोडेपर्यंत. वहिनी धावत आल्या. "अगं अगं, सरस्वती आहे ती! पुस्तकाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, आणि तू फुल्या मारतेस?"

"ही पुस्तकं कोणासाठी आहेत?" तिनं मला विचारलं.

"मुलांनी बरं राहावं म्हणून," मी म्हटलं.

"म्हणजे बऱ्या मुलांसाठी?"

"हो."

"बऱ्या मुलांना पुस्तकं कशाला लागतात?"

एवढी वर्षं आरोग्य सप्ताहाचे तक्ते काढले, पण हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. मी तिच्या हातात नवा खडू दिला. वहिनी माझ्याकडे बघून आत गेल्या.

तहान काय असते हे मला त्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याची बघून. आमचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल. चैत्रापासून भिंती तापतात त्या थंड व्हायचं नाव घेत नाहीत. ती माठाला चिकटून बसायची, त्याच्या बाहेरच्या ओल्या अंगाला गाल लावून. प्यायला मागायची नाही, नुसती बसायची. मागायची ते सकाळी. बाटली दुपारच्या जेवणाआधीच तळाला जायची आणि मग दिवस संपता संपत नसे. कालव्याला पाणी सुटलं तेव्हा तर जीव नकोसा झाला. दवाखान्याच्या वाटेवर वडवारू कालव्याचा पूल लागतो. आईच्या मोपेडवर मागं बसलेली ती पूल आला की डोळे गच्च मिटून घ्यायची. मी एकदा मागून रिक्षात होते, तेव्हा बघितलं. अख्खं गाव पाणी आलं म्हणून पुलावर उभं राहून बघत होतं आणि आमची पोर डोळे मिटून चालली होती.

बाटली दुपारीच का संपते, यावरून घरात धुसफूस सुरू झाली. सुनेला वाटायचं, सासूबाई मायेपोटी चोरून देतात. वहिनींना वाटायचं, सून रागाच्या भरात मापच कमी धरते. दोघी एकमेकींशी बोलत होत्या, पण माझ्यामार्फत. मी म्हणजे काय पोस्टमन? एकदा ओरडलेच दोघींवर. ओरडून काही झालं नाही, बाटली दुसऱ्या दिवशीही दुपारीच संपली.

उलगडा झाला तो त्या मेल्या इंग्लिश पुस्तकामुळेच. अंथरुणात बसलेला एक गोरा मुलगा, तोंडाला मोठा कप लावून काही पितोय. तिनं नाक मुरडलं. "छी! एच्चल करतोय." एच्चल म्हणजे उष्टं. मी हसले, आणि तेवढ्यात सुनेनं तिच्या वाट्याचं पाणी छोट्या टंब्लरात आणून दिलं. पोरीनं मान मागं टाकली, टंब्लर वीतभर उंच धरला आणि धार घशात सोडली. झालं, संपलं. थोडं हनुवटीवर, थोडं फ्रॉकवर. ओठ तसेच कोरडे, पापुद्रे सुटलेले.

आम्ही पाणी असंच पितो, वरून. आमची घरं काय, शेजारची तमिळ घरं काय, मूल चालायला शिकलं की त्याला पुढचं हेच शिकवतात. भांड्याला ओठ लागला की भांडं उष्टं, मग ते बाजूला ठेवायचं, घासायचं, कोणी शिवायचं नाही. नर्सबाईंनी सांगितलं होतं, घोटाघोटानं द्या. आम्ही देत होतो की, आमच्या परीनं! पण वरून धार सोडली की कसला घोट? जिभेला कळायच्या आत पोटात. त्या बिचाऱ्या नर्सबाई कुठून तरी दुसरीकडच्या होत्या, त्यांना वाटलं असेल जगात सगळेच ओठ लावून पितात. आणि आम्ही घरातली चार शिकलीसवरली माणसं, एकाच्याही टाळक्यात हे शिरलं नव्हतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि सांगितलं, आजपासून पोरीनं ओठ लावून प्यायचं. चहासारखं, चुटूक चुटूक.

वहिनी आंबट भाजीला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. "वन्सं, तिचं मीठ तोडलं, मी काही म्हटलं नाही. चिंच तोडली, लोणचं तोडलं, देवापुढचं केळंसुद्धा तोडलं. नळ्या खुपसल्या, केस गळाले. एवढी एक आपली रीत राहिली आहे लेकराच्या अंगावर. तीही काढून घेता?"

एखादी शहाणी बाई इथं गप्प बसली असती. माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती. "रीत राखून काय करायचं वहिनी? पोर राहायला नको का?"

त्या पांढऱ्याफटक पडल्या. फोडणी तशीच टाकून देवापाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं काढत होते. मागच्या पायरीवर वहिनींचा आवाज आला. पोरीला त्यांनी शेजारी बसवलं होतं आणि स्वतःच्या रोजच्या टंब्लरात थोडं पाणी घेतलं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, रेल्वेत, लग्नकार्यात, दवाखान्यातसुद्धा कधी भांड्याला ओठ लावला नाही. त्यांनी पोरीकडे बघितलं, डोळे मिटले आणि टंब्लर तोंडाला लावला. आणि त्यांना जमेना! कडा कुठं धरायची तेच कळेना. नाक पाण्यात बुडालं, ठसका लागला, निम्मं पाणी लुगड्यावर. पोर खो खो हसायला लागली. कितीतरी दिवसांनी ती तशी हसली होती.

"हसतेस काय? तू करून दाखव," वहिनी म्हणाल्या.

तिनं तोच टंब्लर घेतला. आजीचा उष्टा. ओठ लावले, एक एवढासा घोट घेतला आणि आश्चर्यानं म्हणाली, "पाट्टी, जीभ ओली झाली!"

"हं. मग लगेच गिळू नको. जिभेवर धर थोडं," वहिनी म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसल्यासारखं करून डोळे पुसले. मी फुलांची परडी घेऊन तिथंच जास्वंदीआड उभी राहिले. त्या दिवशी बाटली दिवेलागणीपर्यंत पुरली.

त्यानंतर तिनं मला फर्मान काढलं: तिच्यासाठी पुस्तक करायचं. बऱ्या मुलांसाठी नाही, तिच्यासाठी. मी म्हटलं, करू. मग आम्ही दोघी बसलो. मी जाड कागद कापले, वहिनींनी गोधडीच्या दोऱ्यानं शिवले. भाषा कोणती? ती म्हणाली, पाट्टी बोलते ती. पण तिला देवनागरी येत नव्हती, ह्या घरात मी सोडून कोणालाच येत नाही, मलाही वडिलांनी मारून मुटकून शिकवली. शेवटी मराठी वाक्यं तमिळ अक्षरांत लिहिली. पुढं ते पुस्तक दवाखान्यात गेलं तेव्हा तिरुवैयारूकडच्या खेड्यातून येणाऱ्या एका बाईनं ते आपल्या मुलाला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं, चार ओळी वाचल्या आणि हसून म्हणाली, "अक्षरं सगळी ओळखीची, पण हे आहे तरी काय, अम्मा?" आमची पोर ऐटीत म्हणाली, "ही आमची भाषा आहे." मी तिच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

तिच्या अटी कडक होत्या. फळाभाज्यांना डोळे नकोत, हे तर मला मानवणारंच होतं. मी रक्त धुणाऱ्या यंत्राला जरा गोल गरगरीत काढलं, तर तिनं खोडून टाकलं. "ते हसत नाही. ते पीं पीं करतं आणि मग सगळे धावतात." मी पुस्तकातल्या मुलीला गोंडस गाल काढले. "सुजलेत तेव्हाचे काढ," ती म्हणाली. एक पान तिनं खास मागून घेतलं: मुलगी रागानं इडली भिंतीवर फेकते. मी विचारलं, "मग पुढच्या पानावर तिला वाईट वाटतं, असं लिहू?" "नाही वाटत," ती म्हणाली. बरं बाई. नाही वाटत.

पाण्याची पानं तिनं सांगून सांगून काढून घेतली. सकाळचं पाणी, औषधाचं पाणी, ताकातलं पाणी, चार वाजताचं. प्रत्येक पानावर मुलगी ओठ लावून पिते आणि टंब्लर खाली ठेवते. एका पानावर आजीच्या नाकात पाणी जातं. ते पान वहिनींना मुळीच आवडलं नाही आणि दवाखान्यातल्या मुलांना सगळ्यांत जास्त आवडलं. नर्सबाईंनी झेरॉक्स काढून वाटले. काळ्या-पांढऱ्या आजीला कोणी हिरवं लुगडं रंगवलं, कोणी जांभळं.

राहिलं शेवटचं पान. मी म्हटलं, ऑपरेशन झालं, मुलगी बरी झाली, शाळेत गेली, असं काढू. सगळ्या पुस्तकांत असतं तसं. ती म्हणाली, "ऑपरेशन झाल्यावर मी कालव्याकाठी उभी राहून वरून पाणी पिणार. सोंबू भरून, अख्खा तांब्याभर. मान मागं टाकून, धार सोडून. पण ते आत्ता काढू नको."

"का गं?"

"झालेलं नाही ना अजून. खोटं होईल."

मी चाळीस वर्षं मुलींना रंग शिकवले, पण असं कोणी मला अडवलं नव्हतं. ते पान मी कोरं सोडलं. ते अजून कोरंच आहे.

पथ्य तिनं असं पाळलं की आम्हालाच लाज वाटावी. वजनाच्या काट्यावर उभी राहायची ती अभिमानानं. शेजारणीनं एकदा प्रेमानं ताकाचा पेला पुढं केला, तर हिनं तिला सुनावलं, "मला ऑपरेशन करायचं आहे, मामी." चुलत्यांकडे बारसं होतं तिथं सगळे पायसम, म्हणजे खीर, पीत होते आणि ही माझ्या मांडीवर बसून लिंबाचा वास घेत होती. तोंड कोरडं पडलं की लिंबाच्या वासानं लाळ सुटते, ही युक्ती तिला दवाखान्यातल्या एका मोठ्या मुलीनं शिकवली होती. लोक म्हणायचे, किती शहाणी मुलगी! मला ते ऐकून संताप यायचा. सात-आठ वर्षांच्या पोरीनं इतकं शहाणं असावं कशाला? पण मनातून मीही देवाचे आभारच मानत होते. सूज उतरली. रक्तदाब आटोक्यात आला. आणि डॉक्टरांनी तारीख दिली, पोंगल झाल्यावरची.

सून त्या दिवसांत वेगळीच दिसायची. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. भांडी घासताना गुणगुणायची. एकदा पोरीला म्हणाली, "माझ्या पोटातून तू एकदा बाहेर आलीस, आता माझ्यातलं आणखी थोडं घे." पोरीनं विचारलं, "तुला कमी पडणार नाही?" "मला एक पुरे," सून म्हणाली. सासू-सुनांचं बोलणंही पुन्हा सुरळीत झालं. पोस्टमनची नोकरी सुटली माझी.

मार्गशीर्षात, पहाटेच्या थंडीत, तिला ताप आला. आम्ही म्हटलं, थंडीचा असेल. थंडीचा नव्हता. मानेत जी नळी बसवली होती यंत्रासाठी, तिथून रक्तात जंतू गेले होते. कोणाची चूक नव्हती, डॉक्टर म्हणाले, असं होतं. असं होतं! मला त्या दोन शब्दांचा अजूनही तिटकारा आहे. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मी तिथं काही बोलले नाही. औषधं बदलली, नळी बदलली. ताप उतरायचा आणि परत चढायचा. जंतू हृदयाच्या पडद्यापर्यंत पोचले. तिचा बाप नोकरीवरून रजा घेऊन आला आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहायला लागला. घरोघर पोंगलच्या रांगोळ्या पडल्या. आमच्या दारात शेजारणीनं येऊन घातली.

एका दुपारी डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. ते म्हणाले, हृदय फार थकलं आहे, आता तिला यंत्रही सोसणार नाही. ऑपरेशनचा तर प्रश्नच उरला नाही. मग खाली बघत म्हणाले, "आता पथ्य नको. तिला काय हवं ते द्या. पाणी हवं तेवढं द्या."

सुनेनं पिशवीतून टंब्लर काढला, छोटा नाही, घरातला मोठा, आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या कॅनखाली धरला. वहिनी मागून म्हणाल्या, "काठोकाठ भर." तो भरताना पाणी तिच्या बोटांवरून वाहत होतं आणि ती भरतच होती.

पोर जागी होती. डोळे मोठे दिसत होते. आम्ही तिला उशीला टेकवून बसवलं. आईनं टंब्लर तिच्या ओठांशी नेला आणि म्हणाली, "घे, कण्णा. सगळं तुझं. पी."

तिनं ओठ लावले. एक घोट घेतला, जिभेवर धरला, मग गिळला. आणखी एक घेतला. मग आत डोकावून पाणी किती आहे ते बघितलं आणि हातानं टंब्लर बाजूला केला.

"पी गं," आई म्हणाली, "आज हवं तेवढं पी. डॉक्टरांनी सांगितलंय."

पोरीनं आईकडे बघितलं. तिला राग आला होता, तो मी बघितला, तो इडली फेकतानाचा राग. आवाज नुसता वाऱ्यासारखा येत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"एवढं प्यायले तर ऑपरेशन होणार नाही. तुला माहीत नाही का?"

खोलीत आम्ही तिघी होतो. मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी भिंतीकडे. सुनेनं टंब्लर दोन्ही हातांत धरला होता.

"हो गं," ती म्हणाली. "चुकलं माझं. विसरलेच मी." आणि तिनं पाणी बाजूला नेऊन ठेवलं.